अकरा दिवसांची नोंद

शिवणबाईंचं दुकान एवढं लहान होतं की आत दोन गिऱ्हाइकं आली तर तिसऱ्याला फुटपाथवर थांबावं लागे. एक मशीन, एक कापायचं टेबल आणि कपडा अंगावर घालून बघायला पडद्याआडचा कोपरा. नवे कपडे शिवून घेणारे आता थोडेच. पँटची उंची कमी करायची, बिघडलेली चेन बदलायची, वजन वाढलं म्हणून शिलाई उसवून दोन बोटं सैल करायची, यातच त्यांचा दिवस जाई. शेजारी चष्म्याचं दुकान होतं. चष्मेवाले काका दुपारी रिकामे असले की दारात येऊन म्हणत, "बाई, लोकांना मी दिसायला लावतो, पण ते बरे दिसतात ते तुमच्यामुळे."

त्या हसत. बोलत मात्र कमी. बावीस वर्षं त्या तशाच होत्या.

त्यांना एक खोड होती. आईबरोबर एखादी मुलगी माप द्यायला आली की त्या तिचं वय विचारत. दुकान सुरू केलं त्या वर्षी त्या नऊ वर्षांच्या मुलींकडे निरखून बघत. खांदा एवढा, बाही एवढी, असं मनाशी म्हणत. पुढच्या वर्षी दहा वर्षांच्या मुलींकडे, त्याच्या पुढच्या वर्षी अकरा. त्यांची स्वतःची मुलगी, ठकू, त्यांनी शेवटची पाहिली तेव्हा पाच वर्षांची होती. ती कशी वाढत असेल ते त्यांनी परक्या मुलींच्या मापांवरून जोखलं. ठकू अठराची झाली तेव्हा तोही अंदाज संपला, कारण त्यापुढं अंग वयाच्या हिशेबानं वाढत नाही. आता ठकू एकतीस वर्षांची होती. रस्त्यात समोरून आली असती तरी त्यांनी तिला वाट दिली असती आणि पुढं गेल्या असत्या.

त्या वर्षी मुलांच्या इस्पितळाकडून त्यांना साठ झबल्यांचं काम मिळालं. कमी दिवसांच्या बाळांसाठी. बाजारात मिळणारं सगळ्यात लहान झबलंही त्या बाळांना पोत्यासारखं होतं, आणि ते डोक्यावरून घालायचं म्हटलं तर बाळाला लावलेल्या नळ्या काढाव्या लागत. शिवणबाईंनी पुढून उघडणारी झबली बेतली, बाजूला बांधायच्या नाड्या, शिवण सगळी बाहेरून, म्हणजे कातडीला काही टोचू नये. एक झबलं पुरतं त्यांच्या तळहातावर मावे.

गठ्ठा पोचवायला त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या. कपड्यांच्या खोलीकडे जाताना एक मोठी काच होती. काचेपलीकडे एक सिस्टर खुर्चीत बसून बाळाला छातीशी धरून होती. काही करत नव्हती, नुसती बसली होती. काचेवर कागद चिकटवला होता: ज्यांच्या आया आजारी आहेत, लांब आहेत किंवा कामावरून येऊ शकत नाहीत अशा बाळांना कुशीत घेऊन बसायला माणसं हवीत. आठवड्यातून दोन दुपारी, दोन-दोन तास. पगार नाही.

शिवणबाईंनी तो कागद तीनदा वाचला. गठ्ठा खांद्यावर तसाच होता.

खाली नोंदणीच्या खोलीत एक तरुण मॅडम बसत. त्यांनी फॉर्म दिला. नाव, वय, काम, ओळखीची दोन माणसं. आणि अगदी शेवटी एक ओळ: तुमच्यावर कधी गुन्हा सिद्ध झाला आहे का? हो किंवा नाही. त्याखाली फक्त सहीची जागा. 'हो'च्या पुढं चार शब्द लिहावेत म्हटलं तर एक रेघसुद्धा ओढलेली नव्हती.

इथंच घोडं पेंड खात होतं. फॉर्म चार दिवस मशीनच्या खणात पडून राहिला. खोटं लिहावं असं त्यांच्या मनात आलंच नाही असं नाही. पण लपवण्याचं फळ त्या एकदा भोगून बसल्या होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी 'हो'वर खूण केली आणि फॉर्म घेऊन शेजारी गेल्या.

"काका, ओळखीचे म्हणून तुमचं नाव देऊ का? पण त्याआधी तुम्हाला एक सांगायला हवं."

"तुरुंगाचं ना?" चष्मेवाले काच पुसत होते, ते थांबले नाहीत. "मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. तुमच्या गाळ्याच्या मालकानं सांगितलं होतं. मी म्हटलं, बाईंना सांगायचं असेल तेव्हा सांगतील. बावीस वर्षं लावलीत, बाई. चष्म्याचे नंबर एवढ्यात दहादा बदलले लोकांचे."

शिवणबाईंनी फॉर्म त्यांच्यापुढं ठेवला.

"काय लिहू?" ते म्हणाले. "असं लिहितो, या बाई बावीस वर्षं माझ्या पँटा सैल करतायत आणि एकदाही कारण विचारलेलं नाही. याहून भरवशाचं माणूस कुठं मिळायचं?"

तीन आठवड्यांनी पत्र आलं. दोन ओळी होत्या. आपल्या इच्छेबद्दल आभार. आपला अर्ज विचारात घेता येत नाही.

त्यांनी ते घडी करून ठेवलं आणि समोरच्या पँटची चेन बसवली. चेन उलटी बसली. उसवून पुन्हा बसवली. हे होणारच होतं, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या. आठवडाभर त्यांना ती खुर्ची आणि ती सिस्टर दिसत राहिली. बाळाचं वजन किती असेल, याचा त्या विचार करत. मग एका सकाळी दुकान न उघडता त्या नोंदणीच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या.

मॅडमनी पत्र ओळखलं. "मावशी, तो नियमच आहे हो. पोलिसांच्या कागदात काही आलं की आम्ही पुढं जात नाही. लहान मुलांचा प्रश्न आहे."

"बरोबर आहे तुमचं," शिवणबाई म्हणाल्या. "मी भांडायला आले नाही. पण तो कागद मला एकदा बघायचाय. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला आजवर कुणी दाखवलेलं नाही."

मॅडम घुटमळल्या. असं कुणी मागितलं नव्हतं. दाखवायचं नाही, असंही कुठं लिहिलेलं नव्हतं. त्यांनी कपाटातून फाइल काढली आणि कागद टेबलावर त्यांच्याकडे फिरवला.

"दोन नोंदी आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एक अल्पवयीन मुलाचं अपहरण. दुसरी चोरी."

"चोरी?" शिवणबाईंनी मान वर केली. "चोरी माझी नाही."

मॅडमनी कागद पुन्हा स्वतःकडे ओढला. नाव तेच होतं. जन्मसाल मात्र अकरा वर्षांनी पुढचं. दुसऱ्याच कुणा बाईचा गुन्हा या कागदाला येऊन चिकटला होता, आणि तो कागद या टेबलावरून गेला तेव्हा कुणी जन्मसाल बघितलं नव्हतं. मॅडमचा चेहरा उतरला.

शिवणबाई अजून पहिल्याच ओळीकडे बघत होत्या. "मूल कुणाचं होतं, ते यात लिहिलेलं नाही का?"

"नाही."

"माझंच होतं," त्या म्हणाल्या.

मग मॅडमनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. त्या वर्षात त्यांनी तसलीच दोन ओळींची सतरा पत्रं पाठवली होती. सतरा जणांपैकी एकालाही कागद दाखवला नव्हता. "मावशी," त्या म्हणाल्या, "मला थोडे दिवस द्याल? काम होईल असं सांगत नाही मी. पण तुमचं म्हणणं न ऐकता तुम्हाला घरी पाठवणार नाही."

चोरीची नोंद पोलिसांकडून काढून घ्यायला पाच आठवडे गेले. मग शिवणबाईंना बोलावणं आलं. समितीत तिघं होती: मॅडम, वॉर्डच्या मोठ्या सिस्टर, आणि इस्पितळाचं कायद्याचं काम बघणारे एक वयस्कर वकील. मोठ्या सिस्टर हाताची घडी घालून बसल्या होत्या. त्यांना ही बैठकच पसंत नव्हती आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

वकील म्हणाले, "हा कागद काय झालं एवढंच सांगतो. किती वर्षांपूर्वी, कुणाशी, त्यानंतर काय, आणि आमच्या कामाशी त्याचा संबंध किती, ते त्यात नसतं. ते आम्हाला तुमच्याकडून हवंय. सांगायचं नसेल तर सक्ती नाही."

शिवणबाईंनी सांगितलं. काडीमोड झाला तेव्हा कोर्टानं मुलगी वडिलांना दिली. बाईंकडे तेव्हा धड राहायला जागा नव्हती. रविवारी सकाळी दहा ते सहा ठकू बाईंची. मग कानावर आलं की तो मुलीला घेऊन देश सोडतोय. त्या रविवारी सहा वाजता त्या परत गेल्या नाहीत. बसमध्ये बसल्या, दुसरी बस धरली, एका लहान गावात वरच्या मजल्यावरची खोली घेतली, खोटं नाव सांगितलं. अकरा दिवस. बाराव्या दिवशी पोलीस आले. चौदा महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आल्या तेव्हा मुलगी देशात नव्हती.

"सव्वीस वर्षं झाली," वकील म्हणाले. "त्यानंतर काही नाही. आणि मूल स्वतःचं." त्यांच्या आवाजावरून दिसत होतं की त्यांचं मत होत आलंय. मॅडमच्याही जिवात जीव आला. शिवणबाई तिथंच थांबत्या तर काम झालं असतं.

"अजून एक आहे," त्या म्हणाल्या. "ते कागदात नाही."

मोठ्या सिस्टरनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"आठव्या दिवशी तिला ताप आला. कान दुखतो म्हणून रडत होती. डॉक्टरकडे नेलं तर नाव विचारतील, पत्ता विचारतील, म्हणून मी नेलं नाही. ओल्या कापडाच्या घड्या ठेवल्या कपाळावर. आज उतरेल, उद्या उतरेल. पोलीस आले तेव्हा उशीवर पू होता. पुढं कोर्टात तिच्या वडिलांच्या बाजूनं सांगितलं की तिचा डावा कान अधू झाला. न्यायाधीशांनी ते फारसं धरलं नाही. पण ते खरं होतं. पळवलं ते माझ्याच मुलीला, म्हणून तुम्ही मला माफ कराल एखादवेळेस. पण हे अर्धंच ऐकून माफ केलंत तर ते मला घेता येणार नाही."

वकिलांनी चष्मा काढला. मॅडम खाली बघत होत्या.

मोठ्या सिस्टर पुढं झुकल्या. "आणि तुम्हाला माझ्या वॉर्डात यायचंय."

"हो."

"माझी बाळं रडतसुद्धा नाहीत धड. निळी पडतात आणि गप्प होतात. तुमच्या मांडीवरचं बाळ जरा वेगळं वाटलं, तर काय कराल?"

"हाक मारेन."

"काही नसेल तर? उगाच घाबरवलं म्हणून सिस्टर चिडली तर?"

"चिडू देत. तरी मारेन. पुन्हा वाटलं तर पुन्हा मारेन." "त्या चार दिवसांत मी कुणाला हाक मारली नाही, ताई. ते मी सव्वीस वर्षं मनात धरून आहे."

त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. व्हरांड्यातल्या बाकावर त्या पाऊण तास बसल्या. आतून मोठ्या सिस्टरचा आवाज दोनदा चढला. "खरं बोलली म्हणून धोका कमी होतो का?" हे स्पष्ट ऐकू आलं. त्यावर वकील काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. शिवणबाईंना सिस्टरचा राग आला नाही. त्या काळी असं कुणीतरी ठकूच्या बाजूनं ओरडायला हवं होतं, असं त्यांना वाटलं.

शेवटी सिस्टर स्वतःच बाहेर आल्या. बाकावर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"तीन महिने बघू. खोलीत कायम एक सिस्टर असेल. बाळ घेऊन खुर्चीवरून उठायचं नाही, दाराबाहेर तर नाहीच. तुमच्यासाठी वेगळा नियम नाही हा, आजपासून बाहेरून येणाऱ्या सगळ्यांना हाच. खरं तर आधीपासूनच असायला हवा होता. ज्यांचे कागद कोरे आहेत त्यांनाही मी काही आतून ओळखत नाही." त्या जरा थांबल्या. "तुमचं हे मला, मॅडमना आणि वकिलांना माहीत आहे. वॉर्डात चौथ्या कुणाला कळणार नाही. मंगळवारी दोन वाजता या. नखं कापून या."

मॅडमनी त्यानंतर फॉर्म बदलला. 'हो'च्या खाली सहा रेघा आल्या, आणि कागदात काही आलं तर त्याची प्रत आधी त्या माणसाकडे जाऊ लागली, दोन आठवड्यांची मुदत देऊन. त्या सतरा जणांनाही त्यांनी पुन्हा पत्रं पाठवली. नऊ जणांची उत्तरं आली. चौघांना काम मिळालं, दोघांना नीट कारण सांगून नाही म्हटलं, तिघं म्हणाले, आता नको. एका माणसाला वॉर्डाऐवजी बागेचं काम दिलं, तर तो म्हणाला, झाडं बरी, ती फॉर्म भरायला लावत नाहीत.

मंगळवारी शिवणबाई पाऊण वाजताच पोचल्या. कोपरापर्यंत हात धुतले. सिस्टरनी त्यांच्या छातीवर जे बाळ ठेवलं ते त्यांनीच शिवलेल्या झबल्यात होतं, आणि झबलं त्यालाही सैल होतं. बाळाची आई दुसऱ्या इस्पितळात होती, अजून उठून बसत नव्हती. शिवणबाईंनी श्वास रोखून धरला होता. सिस्टर म्हणाल्या, "श्वास घ्या हो. तुमच्या श्वासावर ते श्वास घेतं."

त्यांनी श्वास घेतला. तासाभरानं बाळाची कानशिलं त्यांना जरा फिकी वाटली, म्हणून त्यांनी हाक मारली. काही नव्हतं. पंधरा मिनिटांनी पुन्हा मारली. तेव्हाही काही नव्हतं. तिसऱ्या हाकेला मोठ्या सिस्टर स्वतः आल्या, यंत्राचे आकडे पाहिले आणि बाळाची मान दोन बोटांनी किंचित वर केली. "असं ठेवा," एवढंच म्हणाल्या. चिडल्या नाहीत.

सात आठवडे त्यांनी त्या बाळाला धरलं. मग एक दिवस त्याची आई आली, काठी धरून, पांढरीफटक. शिवणबाईंनी बाळ सिस्टरच्या हातात दिलं, सिस्टरनी आईच्या. आईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही, आणि ते बरोबरच होतं.

त्या आठवड्यात त्यांनी ठकूला पत्र लिहिलं. पत्ता त्यांच्याकडे होता. नणंदेनं फार वर्षांपूर्वी गुपचूप दिला होता. आजवर त्यांनी चार पत्रं पाठवली होती. चारही पत्रांत एकच मागणं होतं, एकदा भेट. उत्तर एकाचंही नव्हतं. या वेळी त्यांनी काहीच मागितलं नाही. समितीपुढं जे सांगितलं तेच लिहिलं. तुझ्या कानाचं माझ्या हातून झालं. तू रडत होतीस आणि मी भीतीपोटी कुणाला बोलावलं नाही. खाली फोन नंबर लिहिला.

दोन महिने काही नाही. मग एका दुपारी, काज शिवताना, फोनवर अनोळखी नंबरावरून मजकूर आला.

"पत्र मिळालं. डाव्या कानानं थोडं कमी ऐकू येतं, सवय झाली आहे. तापाचं मला काहीच आठवत नाही. त्या घरात एक मांजर होती, तिला एकच डोळा होता. ती माझ्या पायांवर झोपायची. मला वाटायचं ती माझी आहे. भेटायचं मी अजून ठरवलेलं नाही."

शिवणबाईंनी सुई थांबवली. मांजर? त्यांनी डोळे मिटून ती खोली आठवून पाहिली. खिडकी आठवली, पाण्याचा जग आठवला, जिन्यावर वाजणारी पावलं आठवली. मांजर काही आठवेना. अकरा दिवस त्या मुलीला कुशीत घेऊन होत्या, आणि तिच्या पायांवर काय निजत होतं ते त्यांना दिसलं नव्हतं.

चष्मेवाले दारात आले. "काय झालं बाई? रडताय का?"

"मुलीचा निरोप आला."

"काय म्हणते?"

"मांजरीचं सांगते." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "काका, मला हे लिहायला मदत करा. बोटं मोठी आहेत माझी या फोनला."

"काय लिहायचं?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. कधी येशील, कशी आहेस, माफ कर, हे सगळं ओठांवर येऊन गेलं.

"विचारा तिला," त्या म्हणाल्या, "मांजर कुठल्या रंगाची होती."

काकांनी लिहिलं, पाठवलं, आणि त्या दोघांनी फोन कापायच्या टेबलावर ठेवला. मग काका आपल्या दुकानात गेले, कारण त्यांचं गिऱ्हाईक आलं होतं. शिवणबाईंनी अर्धं राहिलेलं काज हातात घेतलं. पावणेदोनला त्यांना इस्पितळात जायला निघायचं होतं. नवं बाळ आलं होतं, मुलगी, नऊशे ग्रॅम. तोवर प्रत्येक दोन टाक्यांनी त्या फोनकडे बघत होत्या.